नाशिकमधील लोकल केबल चॅनेल : नोंदणी, नियम आणि स्थानिक कार्यक्रम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिक शहरात किंवा जिल्ह्यात केबलवर स्थानिक वाहिनी चालवणारे, चालवू पाहणारे, आणि दुसऱ्याच्या वाहिनीला बातम्या-कार्यक्रम पुरवणारे यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. जिथे हमखास घोळ होतो तिथे उत्तर लांबले आहे. बाकी ठिकाणी थोडक्यात आटोपले आहे.

लोकल चॅनेलचं लायसन्स नेमकं कुठे मिळतं?

'लोकल चॅनेल' या नावाचा स्वतंत्र परवाना नाही. जिल्हाधिकारी कार्यालय तो देत नाही, महापालिका देत नाही, पोलीस आयुक्तालयही देत नाही. 'कलेक्टर ऑफिसातून काढून देतो' असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

वाटा तीन आहेत. पहिली केबलच्या जाळ्यावरच्या वाहिनीची. नियमांत तिला 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात आणि तिची नोंदणी मल्टि-सिस्टिम ऑपरेटरच्या, म्हणजे एमएसओच्या (सगळ्या वाहिन्या एकत्र करून गल्लोगल्लीच्या केबलवाल्यांना पुरवणाऱ्या मोठ्या केबलचालकाच्या) नावावर होते. दुसरी उपग्रह वाहिनीची. तिला केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची अपलिंकिंग-डाउनलिंकिंग परवानगी, म्हणजे सिग्नल उपग्रहावर पाठवण्याची आणि तिथून उतरवण्याची परवानगी लागते. तिसरी फक्त इंटरनेटची. पंचवटीत किंवा सिडकोत लोक ज्याला 'आपलं लोकल चॅनेल' म्हणतात, ते बहुतेक वेळा पहिल्या वाटेचे असते.

प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणजे काय? केबलवाल्याचे पिक्चरचे चॅनेलही त्यात येते का?

येते. एमएसओ फक्त आपल्याच ग्राहकांना जे कार्यक्रम दाखवतो, ते सगळे प्लॅटफॉर्म सर्व्हिस : स्थानिक बातम्या, सिनेमे, भक्तिगीते, स्थानिक कार्यक्रमांचे थेट प्रक्षेपण. दूरदर्शनच्या आणि मंत्रालयाकडे नोंदलेल्या उपग्रह वाहिन्या त्यात मोडत नाहीत. भारतात नोंदणी नसलेली परदेशी वाहिनी या नावाखाली घुसवता येत नाही.

या सेवांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे मंत्रालयाने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी काढली. त्याआधी लोकल चॅनेल एमएसओच्या सोयीने चालत. 'आमचं चॅनेल वीस वर्षांपासून आहे, आम्हाला कशाला नोंदणी' हा युक्तिवाद त्यानंतर टिकत नाही.

नोंदणी कशी होते आणि खर्च किती?

अर्ज एमएसओनेच करायचा, मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, ऑनलाइन. शुल्क प्रत्येक वाहिनीमागे १,००० रुपये. म्हणजे बातम्यांची एक, सिनेमाची एक आणि भक्तीची एक अशा तीन वाहिन्यांचे ३,०००. रक्कम किरकोळ आहे. काम अडते ते पुढच्या अटींवर.

स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी दाखवायच्या असतील, तर एमएसओ ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असली पाहिजे. भागीदारी किंवा एकल मालकीच्या एमएसओला बातम्यांची वाहिनी चालवायची तर आधी कंपनी व्हावे लागते. तेव्हा एमएसओशी बोलणी सुरू करताना पहिली मागणी कंपनी-नोंदणी प्रमाणपत्राची आणि दुसरी एमएसओ नोंदणीच्या प्रतीची करावी. त्या प्रतीवरची मुदत स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी.

वाहिनीवर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' ही अक्षरे दिसली पाहिजेत, म्हणजे ही उपग्रह वाहिनी नाही हे प्रेक्षकाला कळते. कार्यक्रम-सूचीत अशा सगळ्या वाहिन्या एकत्र ठेवायच्या आणि ग्राहकाला त्या सुरू-बंद करण्याची सोय द्यायची. बऱ्याच जागी वाहिनीचा लोगो ठळक असतो आणि ही अक्षरे कोपऱ्यात इतकी बारीक की चोवीस इंची टीव्हीवर वाचता येत नाहीत. ती लोगोबरोबर ग्राफिक्समध्ये कायमची बसवा. ऑपरेटरने आठवणीने टाकायची गोष्ट ठेवलीत, तर ती एक दिवस राहून जाणारच.

एका एमएसओला किती लोकल वाहिन्या ठेवता येतात?

त्याच्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्के. ही टक्केवारी राज्याच्या पातळीवर मोजतात. याशिवाय जिल्हा पातळीवरच्या स्थानिक आशयासाठी प्रत्येक जिल्ह्यात आणखी २ वाहिन्या चालतात.

हिशेब असा : एमएसओची क्षमता ४०० वाहिन्यांची असेल, तर महाराष्ट्रासाठी २०. त्याचे जाळे नाशिक, धुळे आणि जळगाव या तीन जिल्ह्यांत असेल, तर जिल्ह्यामागे २ म्हणजे आणखी ६. 'जागा नाही' असे उत्तर मिळाले तर हा हिशेब पुढे ठेवा. अडचण नियमाची आहे की स्लॉटच्या भाड्याची, ते लगेच कळते.

आम्ही एमएसओ नाही. बातम्या आम्ही बनवतो, स्टुडिओ आमचा, पत्रकार आमचे. मग वाहिनी कुणाची?

प्रेक्षकांच्या लेखी तुमची, सरकारदरबारी एमएसओची. हा फरक उमजत नाही म्हणून निम्मे वाद होतात.

नोंदणी एमएसओच्या नावावर असते, त्यामुळे नोटीस त्याला येते, ध्वनिचित्रमुद्रण त्याच्याकडे मागितले जाते आणि कारवाईही त्याच्यावर होते. तुमची बाजू फक्त करारात असते. आणि आपल्याकडे हा करार बहुतेक वेळा 'दर महिन्याला इतके द्या' एवढ्या तोंडी बोलण्यावर चालतो. लेखी करा, आणि त्यात निदान पुढच्या गोष्टी घाला. वाहिनी बंद करायची तर किती दिवसांची आगाऊ सूचना. चॅनेल क्रमांक बदलणार असेल तर किती दिवस आधी कळवणार. वाहिनीचे नाव आणि लोगो कुणाच्या मालकीचा, म्हणजे शक्यतो ट्रेडमार्क तुमच्या नावावर. मजकुराबद्दल नोटीस आली तर एमएसओने ती किती तासांत तुमच्याकडे पाठवायची आणि उत्तर कोण तयार करणार. मानहानीचा दावा लागला तर वकिलाचा खर्च कोणाचा. मुद्रण कोण ठेवणार. जाहिरातींचे बिल कोणाच्या नावाने निघणार.

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. जाहिरात सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. बिल तुमच्या नावाने आणि पैसे एमएसओच्या खात्यात, असा प्रकार झाला की दोघांचीही विवरणपत्रे जुळत नाहीत.

एमएसओ बदललात तर नोंदणी तुमच्याबरोबर येत नाही. नव्या एमएसओने नव्याने अर्ज करायचा.

आमच्या गल्लीचा केबलवाला म्हणतो, नोडवरच तुमचं चॅनेल टाकून देतो. चालेल का?

नाही. नोड म्हणजे गल्लीत सिग्नल वाटणारी केबलची पेटी. केबल कायद्याचे (केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा, १९९५) कलम ४अ वाहिन्या एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद स्वरूपात, डिजिटल ॲड्रेसेबल प्रणालीतूनच (प्रत्येक ग्राहकाचा बॉक्स वेगळा सुरू-बंद करता येतो अशा) द्यायला सांगते. नाशिक शहर डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत होते आणि त्यासाठीची तारीख ३१ मार्च २०१३ होती. जिल्ह्यातली खेडी चौथ्या टप्प्यात आली. त्यानंतर वाहिनी टाकण्याची जागा एकच : एमएसओचे हेडएंड, म्हणजे जिथून सगळे सिग्नल निघतात ते मुख्य केंद्र. सगळ्या वाहिन्या तिथेच स्क्रॅम्बल होतात.

नोडवर मॉड्युलेटर (सिग्नल केबलवर चढवणारे यंत्र) लावून घुसवलेली वाहिनी एन्क्रिप्शनशिवाय जाते. ती ग्राहकाच्या सेट-टॉप बॉक्सच्या यादीत नीट उमटत नाही, शेजारच्या फ्रिक्वेन्सीत गडबड झाली की इतर वाहिन्यांची चित्रे फुटू लागतात, आणि यंत्रसामग्री जप्त करण्याचा अधिकार कलम ११ ने अधिकाऱ्यांना दिलेलाच आहे. इतके करून पोहोचता किती घरांत, तर दोनअडीचशे.

स्थानिक केबलचालकाची नोंदणी अजून हेड पोस्ट ऑफिसातच होते का?

आता नाही. जानेवारी २०२५ मध्ये केबल नियम बदलले आणि एलसीओची (लोकल केबल ऑपरेटर, म्हणजे स्थानिक केबलचालकाची) नोंदणी ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर गेली. पूर्वी हेड पोस्टमास्तर नोंदणी अधिकारी असत. आता मंत्रालय आहे. आधार, पॅन आणि कंपनी असल्यास सीआयएन-डीआयएन (कंपनीचा आणि संचालकाचा ओळख क्रमांक) यांची पडताळणी ऑनलाइन होते. शुल्क ५,००० रुपये, मुदत ५ वर्षे. नोंदणी देशभर चालते, त्यामुळे नाशिकरोडचा केबलचालक तीच नोंदणी घेऊन सिन्नरला जाळे वाढवू शकतो.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी करायचा. पोस्टात दर वर्षी पाचशे रुपये भरून शिक्का घेण्याची सवय जडलेल्यांकडून हीच तारीख चुकते. नोंदणी नाकारली, तर ३० दिवसांत अपील करता येते.

आधारवरचे नाव आणि पॅनवरचे नाव यांत फरक असेल, उदाहरणार्थ एकावर वडिलांचे नाव मध्ये आणि दुसऱ्यावर नाही, तर पडताळणी तिथेच अडकते. अर्ज भरायला बसण्याआधी नावे जुळवून घ्या.

स्वतःच एमएसओ व्हायचे असेल तर?

तोही अर्ज त्याच पोर्टलवर. शुल्क १ लाख रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनुसार नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी सात ते दोन महिन्यांच्या खिडकीतच करायचा. त्यालाही १ लाख. पण खरा खर्च शुल्काचा नाही. हेडएंड, सशर्त प्रवेश प्रणाली (पैसे भरलेल्यालाच वाहिनी दिसू देणारी), ग्राहक व्यवस्थापन प्रणाली, सेट-टॉप बॉक्स आणि प्रसारकांशी करार एवढे सगळे त्यामागे येते. केवळ एक बातम्यांची वाहिनी चालवायची म्हणून एमएसओ होणे म्हणजे एका द्राक्षाच्या घडासाठी बाग विकत घेण्यासारखे आहे.

उपग्रह वाहिनीचा विचार करावा का?

आकडे बघा आणि ठरवा. ९ नोव्हेंबर २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंग मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या वृत्तवाहिनीसाठी कंपनीची नक्त मालमत्ता २० कोटी रुपये हवी, बिगर-वृत्त वाहिनीसाठी ५ कोटी. कामगिरीची बँक हमी वृत्तवाहिनीला २ कोटी, बिगर-वृत्ताला १ कोटी. वर्षाचे शुल्क अपलिंकिंगचे २ लाख आणि डाउनलिंकिंगचे ५ लाख. टेलिपोर्ट (सिग्नल उपग्रहावर पाठवणारे केंद्र) आणि ट्रान्सपॉन्डरचे (उपग्रहावरच्या जागेचे) भाडे वेगळे. इतके करून केबलवर दिसण्यासाठी वितरकांशी बोलणी उरतातच. जिल्ह्यापुरत्या वाहिनीचे गणित यात बसत नाही.

मराठी किंवा स्थानिक कार्यक्रम किती टक्के दाखवायचे, असे बंधन आहे का?

काही देशांत देशी कार्यक्रमांचा टक्केवारीचा कोटा असतो. तसा कोटा आपल्या केबल कायद्यात लोकल वाहिनीसाठी नाही. दिवसभर हिंदी सिनेमे दाखवले म्हणून टक्केवारीच्या मुद्द्यावर कारवाई होणार नाही. मात्र बंधने दुसऱ्या दारांनी येतात.

पहिले दार : जिल्ह्यामागे ज्या २ जादा वाहिन्या मिळतात, त्या जिल्ह्याच्या स्थानिक आशयासाठी आहेत. त्या जागेवर चोवीस तास जुनी गाणी लावणे म्हणजे सवलतीच्या हेतूलाच बगल देणे. नूतनीकरणात किंवा तक्रारीत हा मुद्दा निघाला तर उत्तर देणे अवघड जाईल.

दुसरे दार उपग्रह वाहिन्यांचे. त्यांना २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रोज ३० मिनिटे लोकसेवा प्रसारणाचे बंधन घातले. विषय आठ : शिक्षण व साक्षरता, शेती व ग्रामविकास, आरोग्य व कुटुंबकल्याण, विज्ञान-तंत्रज्ञान, महिला कल्याण, दुर्बल घटकांचे कल्याण, पर्यावरण व सांस्कृतिक वारसा, राष्ट्रीय एकात्मता. ही मिनिटे सलग नसली तरी चालतात, तुकड्यांनी भरता येतात, पुनःप्रसारणही धरले जाते. पण रात्री १२ ते सकाळी ६ मधला वेळ मोजत नाहीत. महिन्याचा अहवाल पोर्टलवर द्यावा लागतो. थेट प्रक्षेपणाला, आणि मुख्यतः क्रीडा किंवा भक्तिपर आशय दाखवणाऱ्या वाहिन्यांना सूट आहे.

केबलवरच्या लोकल वाहिनीला हे ३० मिनिटांचे बंधन लागू नाही. तरी आमचा सल्ला असा की तेवढे स्वतःहून ठेवा आणि नोंदवहीत लिहा. नाशिकमध्ये ते भरायला वेगळे कष्ट पडत नाहीत. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत बाजार समित्यांचे कांद्याचे किमान, कमाल आणि सरासरी भाव रोज संध्याकाळी पाच मिनिटे. गंगापूर धरणातला साठा आणि कोणत्या भागात पाणी कधी येणार नाही, दोन मिनिटे. द्राक्षबागांसाठी हवामान आणि भुरी-डाउनी या रोगांचा इशारा, ऑक्टोबर छाटणीपासून पुढे. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या शिबिरांची माहिती. हे दाखवणाऱ्या वाहिनीचा चॅनेल क्रमांक लोकांच्या तोंडपाठ असतो, आणि एमएसओशी भाड्याची घासाघीस करताना ती लोकप्रियताच कामी येते.

आमचे बुलेटिन दोन वेगवेगळ्या केबल नेटवर्कवर दिले तर?

नियमात बसत नाही. प्लॅटफॉर्म सर्व्हिसचा आशय त्या एमएसओपुरताच असला पाहिजे. तो दुसऱ्या वितरकाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष देता येत नाही. देवस्थानांच्या थेट प्रक्षेपणाला मात्र अपवाद आहे. त्र्यंबकेश्वर, काळाराम मंदिर किंवा वणीच्या सप्तशृंगी गडावरून येणारे थेट चित्र अनेक एमएसओ दाखवू शकतात. रामकुंडावरची गोदाआरती या अपवादात बसते का, हा प्रश्न सिंहस्थात हमखास येणार. घाट म्हणजे मंदिर नव्हे असेही कोणी म्हणू शकतो. एमएसओकडून मंत्रालयाला लेखी विचारून ठेवणे बरे.

'अप्रत्यक्ष' या शब्दाकडे लक्ष द्या. तुम्ही बुलेटिन यूट्यूबवर टाकता, दुसरा केबलवाला तिथून उचलून आपल्या वाहिनीवर लावतो. तुम्ही दिले नाही, तरी खुलासा तुम्हालाच करावा लागतो. व्हिडिओवर मोठा वॉटरमार्क ठेवा आणि वापर दिसल्यावर लगेच लेखी हरकत घ्या.

यूट्यूबवर टाकायला वेगळी परवानगी लागते का?

परवानगी नाही, पण २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात. बातम्या देणाऱ्या डिजिटल प्रकाशकाने मंत्रालयाला आपली माहिती कळवायची, तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव-संपर्क दाखवायचा, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा.

९० दिवसांचे रेकॉर्डिंग म्हणजे नेमके काय ठेवायचे?

मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्म सर्व्हिसचे सगळे कार्यक्रम ९० दिवस जपून ठेवायचे. फक्त बातम्या नव्हेत. जाहिराती, पडद्याखालच्या सरकत्या पट्ट्या, मध्यरात्रीचा सिनेमा, सगळे.

जागेचा हिशेब सोपा आहे. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने) मुद्रण केले तर दिवसाला २१.६ जीबी, ९० दिवसांचे १,९४४ जीबी. ३ एमबीपीएसने दिवसाला ३२.४ जीबी, म्हणजे ९० दिवसांचे सुमारे २.९ टीबी. एका वाहिनीसाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एकीची प्रत दुसरीवर आपोआप जाईल अशा जोडणीत, एवढे पुरते. ३ एमबीपीएसनेही आणखी महिनाभराची सवड राहते.

चुका ठरलेल्या आहेत. मुद्रणाचे सॉफ्टवेअर मुळात ३० दिवसांनी जुने पुसण्यावर लावलेले असते आणि ते कोणी बदलत नाही. संगणकाचे घड्याळ सात मिनिटे मागे असते, मग तक्रारीतली वेळ आणि मुद्रणातली वेळ जुळत नाही; इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सेटिंग सुरू ठेवा. मुद्रण स्टुडिओच्या प्लेआउट संगणकावर (कार्यक्रम लावणाऱ्या संगणकावर) होते, पण हेडएंडला एमएसओने लावलेली पट्टी त्यात येत नाही. म्हणून मुद्रण ग्राहकाकडे दिसते तसे, सेट-टॉप बॉक्सच्या आउटपुटवरून घ्या. मुद्रणाचा संगणक यूपीएसवर नसतो, आणि लाइट गेली तेवढीच वीस मिनिटे नंतर मागितली जातात!

तक्रार ८५ व्या दिवशी आली तर ती फाइल त्याच दिवशी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. प्रकरण चालू असताना '९० दिवस संपले, पुसले गेले' हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

सिनेमे आणि गाणी लावायला काय लागते?

हक्क. केबल नियमांतला नियम ६ स्पष्ट सांगतो : ज्या कार्यक्रमावर कॉपीराइट आहे, तो मालकाच्या परवानगीशिवाय केबलवर दाखवता येत नाही. डीव्हीडी विकत घेतली म्हणजे प्रसारणाचे हक्क मिळाले असे होत नाही. हक्क देणाऱ्याकडून कराराची प्रत घ्या आणि त्यात केबल हक्क, मुदत आणि प्रदेश हे तीनही लिहिले आहेत का ते पाहा. उपग्रह हक्क आणि केबल हक्क वेगळे विकले जातात. गाण्यांसाठी आयपीआरएस आणि पीपीएलसारख्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या परवान्यांची तपासणी करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे.

सेन्सॉर प्रमाणपत्रही लागते. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीवर दाखवायचा तर त्याची काटछाट होऊन टीव्हीयोग्य प्रमाणपत्र मिळालेले असले पाहिजे. नव्या सिनेमांना आता यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे प्रकार आहेत. दुपारच्या खेळाला कोणता लावायचा ते त्यावरून ठरवा.

जाहिरातींबाबत सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

पडद्याच्या तळाशी. नियम ७ म्हणतो की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू यावी, आणि कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकत्या ओळी टाकून कार्यक्रमात व्यत्यय आणू नये. लोकल वाहिन्यांचे निम्मे उत्पन्न सरकत्या पट्टीतून येते हे सगळ्यांना ठाऊक आहे : 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', प्लॉट विकणे आहे, क्लासेस, दवाखाना. नियमाच्या शब्दांत बघितले तर ते धोक्याचे आहे. पट्टी जाहिरातीच्या ब्रेकमध्ये ठेवा, किंवा ठरावीक वेळेला फक्त पट्ट्यांचाच पूर्ण पडद्याचा भाग करा.

वेळेची मर्यादा तासाला १२ मिनिटे : १० मिनिटे व्यापारी जाहिराती, २ मिनिटे स्वतःच्या वाहिनीची जाहिरात.

तंबाखू आणि दारूच्या जाहिराती नाहीत. ऑनलाइन पैशांच्या खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. एजन्सीने 'हे फक्त न्यूज पोर्टल आहे' म्हणून पाठवलेला बेटिंगचा स्पॉट नाव बारकाईने वाचून परत करा. मधुमेह मुळापासून घालवतो, मूल होण्याची हमी, असल्या दाव्यांना औषधे व जादुई उपाय कायदा, १९५४ आडवा येतो. बुवा-बाबांच्या स्लॉटना कार्यक्रम संहितेतली (केबल नियमांतला नियम ६) अंधश्रद्धेची तरतूद. पैसे आगाऊ मिळतात म्हणून असे स्लॉट घेतले जातात, आणि पहिली तक्रारही त्यांच्याचवर येते.

निवडणुकीत उमेदवारांच्या जाहिराती घेता येतात का?

पूर्वप्रमाणनाशिवाय नाही. १३ एप्रिल २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार टीव्ही-केबलवरची राजकीय जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. जिल्ह्यात हे काम माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती करते. नोंदणीकृत पक्ष आणि त्यांचे उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी, इतरांनी ७ दिवस आधी अर्ज करायचा. जाहिरातीच्या दोन इलेक्ट्रॉनिक प्रती, साक्षांकित संहिता, निर्मिती आणि प्रसारणाचा खर्च, किती वेळा दाखवणार, हे सगळे सोबत. तुम्ही फक्त प्रमाणपत्र क्रमांक बघून स्पॉट लावू नका. प्रमाणित संहिता आणि हाती आलेला स्पॉट शब्दाशब्दाने ताडून बघा. प्रमाणपत्र मिळाल्यावर एक ओळ बदलून आणणारे कार्यकर्ते दर निवडणुकीत असतात.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत त्या मतदारसंघात निवडणुकीचा प्रचार ठरेल असे काहीही टीव्हीवर दाखवायचे नाही. जुन्या सभेचे पुनःप्रसारण, चर्चेचा कार्यक्रम हेही त्यात आले. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांना राज्य निवडणूक आयोगाचे आदेश लागतात. ते प्रत्येक वेळी नव्याने वाचायचे.

तक्रार झाली तर कोण बघते? कलेक्टर की पोलीस आयुक्त?

केबल कायद्यात 'प्राधिकृत अधिकारी' तीन आहेत : जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त, आपापल्या हद्दीत. नाशिक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे अधिकार आहेत. त्र्यंबक, इगतपुरी, निफाड, मालेगाव हे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात, तिथे दंडाधिकारी. शहरात स्टुडिओ आणि त्र्यंबकला प्रेक्षक, अशा वाहिनीला दोन्हीकडून पत्र येऊ शकते.

धर्म, जात, भाषा यांवरून तेढ वाढेल किंवा कार्यक्रम संहितेचा भंग होईल असे प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश हे अधिकारी कलम १९ खाली देऊ शकतात. जिल्हास्तरीय सनियंत्रण समितीही असते. तिच्यात जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त अध्यक्ष, जिल्हा माहिती अधिकारी सदस्य सचिव, शिवाय पोलीस अधीक्षक, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, बालकल्याण आणि महिला कल्याणाच्या क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधी, शिक्षणतज्ज्ञ अशी मंडळी. उत्तर पाठवताना मुद्रणाची प्रत, कार्यक्रमाची नोंद आणि एक पानाचा मुद्देसूद खुलासा जोडा. दहा पानी भावनिक पत्र कोणी वाचत नाही.

शिक्षा काय?

पूर्वी पहिल्या भंगाला दोन वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढली. आता सूचना, ताकीद, समज किंवा पहिल्या भंगाला २० हजार रुपयांपर्यंत दंड. तीन वर्षांत पुन्हा झाल्यास १ लाखापर्यंत. नोंदणी निलंबित किंवा रद्द होण्याची टांगती तलवार मात्र आहे, आणि ती एमएसओवर असल्याने तो तुमच्या वाहिनीचे बटण आधी बंद करतो.

कैद गेली ती केबल कायद्यातली. बलात्कारपीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७२, बालकाची केली तर पॉक्सोचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४. चेहरा धूसर केला आणि मागे घराची पाटी, शाळेचा गणवेश किंवा वडिलांचे नाव तसेच ठेवले, तर ओळख उघडच झाली.

थेट प्रक्षेपणात काय जपायचे?

दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट चित्रे दाखवता येत नाहीत. नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच दाखवायचे. सिंहस्थात स्नान करणाऱ्यांची, विशेषतः महिलांची जवळून चित्रे घेऊ नका. रुंद फ्रेम ठेवा. गर्दीत चेंगराचेंगरीची अफवा आली की प्रशासनाच्या दुजोऱ्याशिवाय पट्टी टाकायची नाही, हा नियम पट्टी लिहिणाऱ्या मुलाच्या टेबलावर चिकटवून ठेवा. थेट प्रक्षेपणात ३० सेकंदांचा विलंब लावला की अर्ध्या चुका वाचतात.

आवाज आणि चित्र वारंवार जाते. दोष कुठे शोधायचा?

साखळी अशी : प्लेआउट संगणक, एनकोडर (चित्र दाबून लहान करणारा), हेडएंडपर्यंतची फायबर किंवा इंटरनेट, मल्टिप्लेक्सर-स्क्रॅम्बलर (वाहिन्या एकत्र करून कुलूपबंद करणारा), क्वाम मॉड्युलेटर, मग केबल. हेडएंडच्या मॉनिटरवर चित्र बरोबर आणि घरी फुटलेले, तर दोष केबलचा. हेडएंडलाच काळे, तर दोष तुमच्या बाजूचा.

६४-क्वाम या सिग्नल-पद्धतीत, ८ मेगाहर्ट्झच्या एका फ्रिक्वेन्सीत साधारण ३८ एमबीपीएस मावतात आणि त्यात दहा-बारा वाहिन्या असतात. तुमच्या वाट्याला दीड एमबीपीएस आले तर मिरवणुकीच्या दृश्यात चौकटी पडणारच. करारात किमान बिटरेट (किती एमबीपीएस मिळणार) लिहून घ्या. स्टुडिओ ते हेडएंड एकच फायबर असेल, तर रस्ता खोदला की वाहिनी बंद. दुसरा मार्ग वेगळ्या कंपनीचा आणि वेगळ्या रस्त्याने आलेला असू द्या. एकाच खांबावरून गेलेल्या दोन वायरी म्हणजे एकच वायर. हेडएंडला एक तासाचे राखीव मुद्रण असलेला छोटा प्लेअर ठेवा, मुख्य सिग्नल गेला की तो आपोआप सुरू होईल असा. त्यावरही 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' ही अक्षरे लागतात.